अनुभव धागा: घरच्या संगणकासाठी अँटीव्हायरस निवडताना

निमंत्रण (दारव्हा तालुका, जिल्हा यवतमाळ)

मंडळी, नमस्कार. 14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नियमित पाठिंबा थांबवला. तेव्हापासून आमच्या गावात ज्याच्या घरी जुना संगणक आहे तो प्रत्येक जण मला एकच प्रश्न विचारतो आहे, की आता अँटीव्हायरस कोणता टाकावा. शहरात लिहिलेल्या सल्ल्यांमध्ये वीज दिवसभर असते, नेट अखंड असते आणि घरातल्या प्रत्येकाचा संगणक वेगळा असतो. आपल्याकडे बहुतेक घरी संगणक एकच आहे, नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून येते, आणि त्याच संगणकावर मुलीचा अभ्यास, वडिलांचे सातबारे आणि दुकानाचा हिशेब असे सगळे चालते. म्हणून विनंती आहे की आपण कोणता अँटीव्हायरस घेतला एवढेच न सांगता संगणक किती जुना होता, नेट कसे होते आणि काय घडल्यावर निवड बदलावी लागली, हेही लिहावे. स्वतःच्या वाईट अनुभवात कंपनीचे किंवा दुकानाचे नाव घेऊ नये.

प्राथमिक शिक्षक, दिग्रस तालुका

माझा अनुभव पेन ड्राइव्हपासून सुरू होतो. 2016 च्या उन्हाळ्यात मी निकालपत्रके घरी तयार केली आणि छापण्यासाठी तालुक्याच्या ठिकाणी झेरॉक्सच्या दुकानात नेली. परत येऊन पेन ड्राइव्ह लावला, तेव्हा ‘इयत्ता सातवी’ या फोल्डरच्या चित्रावर डाव्या कोपऱ्यात खाली एक छोटा वाकडा बाण दिसत होता, आणि त्याचा आकार अवघा एक-दोन केबी होता. मी सवयीने त्यावर क्लिक केले, फोल्डर उघडले, आतल्या फाइल जागेवर होत्या, त्यामुळे शंका यायला काही कारणच उरले नाही. प्रत्यक्षात मूळ फोल्डर लपवलेले होते, आणि तो बाण म्हणजे आधी व्हायरसची फाइल चालवून मग फोल्डर उघडणारा शॉर्टकट होता. त्या दिवसापासून माझ्या संगणकाला लावलेला प्रत्येक पेन ड्राइव्ह बाधा घेऊनच बाहेर पडू लागला. केंद्राच्या बैठकीनंतर आसपासच्या शाळांतील सहकाऱ्यांचे फोन येऊ लागले, आणि ही बाधा माझ्याच पेन ड्राइव्हमधून गेली हे कळल्यावर मला फार वाईट वाटले.

संगणकात अँटीव्हायरस नव्हता असे नाही. एक मोफत अँटीव्हायरस होता, पण त्याच्या चिन्हावर कित्येक दिवसांपासून पिवळे उद्गारचिन्ह दिसत होते आणि त्याचे शेवटचे अपडेट फेब्रुवारीतले होते. माझ्या एका माजी विद्यार्थ्याने आज्ञा टाइप करण्याच्या काळ्या खिडकीत ‘अ‍ॅट्रिब’ ही आज्ञा लिहिली आणि लपलेली सगळी फोल्डरे एकेक करून पुन्हा दिसू लागली. मात्र या आज्ञेने फाइल फक्त दिसू लागतात, व्हायरस जात नाही, हे त्याने मला दोनदा बजावले.

त्यानंतर मी क्विक हील हा अँटीव्हायरस विकत घेतला. रहिमतपूरच्या काटकर बंधूंनी पुण्यात कॅलक्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात करून ही कंपनी उभी केली, याची आपुलकी मनात होती. पण खरे कारण वेगळे होते. त्याची अपडेटची फाइल वेगळी उतरवून घेता येते, आणि ती नेट नसलेल्या संगणकावर चालवता येते. मी दर शनिवारी तालुक्याला गेलो की ती फाइल आणत असे. माझ्या घरी तेव्हा नेटच नव्हते, म्हणून माझ्यासाठी ही एक सोय बाकी सगळ्या गुणांपेक्षा मोठी होती.

सेवा केंद्र चालक, मेहकर तालुका

माझ्या घराच्या पुढच्या खोलीतच केंद्र आहे, त्यामुळे घरचा आणि कामाचा संगणक एकच आहे. दोन जीबी रॅमच्या जुन्या संगणकावर मी एक महागडा पॅक टाकला, ज्यात अँटीव्हायरसबरोबर बँकिंगचे संरक्षण, मुलांवर लक्ष ठेवण्याची सोय आणि संगणक ‘स्वच्छ’ करणारे साधन असे बरेच काही होते. सकाळी संगणक सुरू केल्यावर पहिला अर्ज उघडेपर्यंत बाहेर ओट्यावर पाच-सहा कास्तकार बसलेले असत. त्यातच एक दिवस अंगठा घेण्याचे यंत्र चालेनासे झाले. मी यंत्र बदलण्याची तयारी केली होती, पण दोष यंत्रात नव्हता. यंत्राची संगणकातली सेवा अँटीव्हायरसने संशयास्पद ठरवून अडवली होती. त्या एका फाइलला सूट दिल्यावर यंत्र चालू झाले. एका आजीला पेन्शनच्या अंगठ्यासाठी तोवर तीन चकरा झाल्या होत्या, आणि त्याची खंत मला आजही आहे.

नूतनीकरणाची वेळ आली तेव्हा मी तेवढेच पैसे एसएसडी (वेगवान डिस्क) आणि वाढीव रॅमवर खर्च केले, आणि संरक्षणासाठी विंडोजचा स्वतःचा डिफेंडर ठेवला. दुसरा अँटीव्हायरस काढून टाकल्यावर तो आपोआप सुरू होतो, हे मला तोवर माहीत नव्हते. नव्याने घेणाऱ्यांनी पॅकवरच्या वैशिष्ट्यांची यादी बघण्याआधी आपल्या संगणकाची रॅम बघावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, ब्रह्मपुरी

आमच्याकडे व्हायरस नव्हताच, पण व्हायरसची भीती मात्र खरी होती. बाबा धानाचे भाव बघत असताना एका संकेतस्थळाने सूचना दाखवण्याची परवानगी मागितली, आणि बाबांनी ‘अलाऊ’ दाबले. दुसऱ्या दिवसापासून पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात लाल अक्षरांत ‘तुमच्या संगणकात पाच व्हायरस आहेत’ अशा अर्थाच्या इंग्रजी सूचना येऊ लागल्या. त्यांवर एका नावाजलेल्या अँटीव्हायरसचे चिन्हही होते. बाबा घाबरून कार्डाने पैसे भरायला निघाले होते. मी ब्राउझरच्या सेटिंगमध्ये सूचनांच्या यादीतून त्या संकेतस्थळाचे नाव काढले आणि सगळे थांबले. त्यानंतर डिफेंडरने पूर्ण तपासणी केली, तेव्हा काहीही निघाले नाही. बाबांना मी एवढेच दाखवून ठेवले आहे की खरा इशारा आला, तर तो ‘विंडोज सिक्युरिटी’ हे विंडोजचे सुरक्षेचे पान उघडल्यावर आतही दिसतो.

कृषी केंद्र चालक, आर्णी तालुका

हे लिहिणे मला जड जाते आहे, तरी लिहितो, कारण माझ्या संगणकात पैसे देऊन घेतलेला, मुदतीत असलेला आणि अपडेट असलेला अँटीव्हायरस होता.

ऑगस्ट 2020 मधली गोष्ट आहे. मराठी टायपिंगचे एक सॉफ्टवेअर मला हवे होते, आणि ते विकत घेण्याऐवजी मी त्याचा क्रॅक, म्हणजे पैसे न भरता चालणारी चोरटी प्रत, उतरवला. सोबतच्या सूचनेत पहिलीच ओळ होती, की आधी अँटीव्हायरस बंद करा, नाहीतर क्रॅक चालणार नाही. मी तो माझ्या हाताने बंद केला. थोड्या वेळाने मुलगा म्हणाला, की आईच्या फोटोंची चित्रे पांढरी झाली आहेत. मी बघितले, तर प्रत्येक फाइलच्या नावामागे चार अक्षरांची एक अनोळखी शेपटी लागलेली होती आणि प्रत्येक फोल्डरमध्ये ‘रीडमी’ नावाची एक चिठ्ठी होती. तिच्यात 980 डॉलर मागितले होते, 72 तासांत संपर्क केल्यास 490. खरिपाची उधारी, बियाण्याच्या आणि खताच्या पावत्या, तीन वर्षांचे खाते, सगळे कुलूपबंद झाले होते.

मी वीज बंद केली, पण तोवर उशीर झाला होता. संगणकाला कायम जोडून ठेवलेल्या बाहेरच्या हार्ड डिस्कमधल्या प्रतीही गेल्या होत्या. पुढे अमरावतीच्या भाच्याने शोधून सांगितले, की हा स्टॉप-डेजाव्हू जातीचा रॅन्समवेअर, म्हणजे फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, आहे आणि तो मुख्यतः अशा क्रॅकमधूनच पसरतो. युरोपोल आणि डच पोलिसांनी सुरक्षा कंपन्यांसोबत 2016 मध्ये ‘नो मोअर रॅन्सम’ नावाचा उपक्रम सुरू केला आहे. तिथे काही जातींच्या रॅन्समवेअरची कुलपे फुकट उघडून देणारी साधने मिळतात. या जातीच्या रॅन्समवेअरमध्ये चिठ्ठीतल्या आयडीच्या शेवटी ‘टी-वन’ असेल, तर कुलूप उघडण्याची किल्ली अनेकांसाठी सामाईक असते आणि आशा धरता येते. आमच्या आयडीच्या शेवटी ते नव्हते. मी पैसे भरले नाहीत. दिवाळीपर्यंत मी आणि पत्नीने पावती पुस्तकांच्या कार्बन प्रतींवरून खतावणी पुन्हा लिहिली. ज्यांची पावती सापडली नाही त्यांच्या घरी मी स्वतः गेलो, आणि बहुतेकांनी आपली उधारी आपणहून सांगितली. हे मी आयुष्यभर विसरणार नाही. आईचे फोटो मात्र गेले ते गेलेच.

संत्रा बागायतदार, वरुड तालुका

आर्णीच्या भाऊंचे वाचून मी लगेच माझा संगणक तपासला. ‘विंडोज सिक्युरिटी’मध्ये व्हायरस संरक्षणाच्या पानावर शेवटचे अपडेट कधी झाले ती तारीख दिसते. माझ्याकडे ती सहा आठवडे जुनी निघाली. कारण असे, की रोजचा डेटा संपू नये म्हणून मीच हॉटस्पॉट ‘मीटर्ड’, म्हणजे मोजक्या डेटाची जोडणी, असा नोंदवून ठेवला होता, आणि अशा जोडणीवर विंडोजचे बरेचसे अपडेट आपोआप उतरत नाहीत. शिवाय लाईन कधी जाईल याचा नेम नसल्याने संगणक अर्धा तास चालवून बंद करण्याची आम्हाला सवय आहे. आता रात्री उशिरा, दिवसाचा उरलेला डेटा हाताशी असताना, मी त्याच पानावरचे अपडेट तपासण्याचे बटण स्वतः दाबतो. व्हायरसच्या ओळखींचे हे अपडेट विंडोजच्या मोठ्या अपडेटपेक्षा पुष्कळच लहान असते.

संगणक दुरुस्ती करणारा, हिंगणघाट

माझ्या टेबलावर येणाऱ्या संगणकांवरून काही गोष्टी लिहितो. एकाच संगणकात दोन अँटीव्हायरस टाकलेले मी अजूनही बघतो, आणि ते दोघे एकमेकांच्या कामावर संशय घेत संगणक अडवून ठेवतात. जुना काढल्याशिवाय नवा टाकू नये, आणि काढण्यासाठी त्या कंपनीचेच काढण्याचे साधन वापरावे. दुसरे म्हणजे किल्ली, म्हणजे विकत घेतलेला अँटीव्हायरस चालू करण्याचा क्रमांक. एका वापरकर्त्याची किल्ली स्वस्तात विकली जाते, ती आधीच दुसऱ्याच्या संगणकावर चालू झालेली असते, आणि काही दिवसांनी दोघांचीही बंद पडते. दुकानात बसूनच किल्ली चालू करून घ्यावी, मुदतीची तारीख पडद्यावर बघावी आणि मगच पैसे द्यावेत.

कोणता चांगला, असे मला रोज विचारतात. मी स्वतःच्या मतावर विसंबत नाही. जर्मनीत माग्देबुर्ग येथे एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियात इन्सब्रुक येथे एव्ही-कंपॅरेटिव्हज या दोन प्रयोगशाळा नियमित चाचण्या घेऊन निकाल उघड करतात. त्यांत व्हायरस पकडण्याचे गुण असतात, तसे संगणक किती मंद होतो आणि निर्दोष फाइल किती वेळा अडवली जाते याचेही असतात. मेहकरच्या भाऊंनी हे शेवटचे दोन रकाने आधी बघितले असते, तर त्यांचा त्रास बराच टळला असता. त्या निकालांत डिफेंडरही गेली काही वर्षे वरच्या गटात असतो. विंडोज 7 मधला त्याच नावाचा कार्यक्रम मात्र पूर्ण अँटीव्हायरस नव्हता, तो विंडोज 8 पासून झाला. जुन्या पिढीच्या मनात त्याच्याविषयी जो अविश्वास आहे, त्याचे मूळ बहुधा तिथे असावे.

अँटीव्हायरस जागा आहे की नाही हे बघायचे असेल, तर आयकार नावाची 68 अक्षरांची निरुपद्रवी चाचणी-फाइल आहे. ती उतरवताच त्याने ओरडले पाहिजे.

निवृत्त ग्रंथपाल, चिखली

मोफत अँटीव्हायरसविषयी एक बाजू राहिली आहे. अवास्ट कंपनीच्या जंपशॉट या उपकंपनीमार्फत वापरकर्त्यांच्या ब्राउझिंगची माहिती विकली जात होती. जानेवारी 2020 मध्ये हा प्रकार गाजल्यावर ती उपकंपनी बंद करण्यात आली, आणि 2024 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या प्रकरणी 1 कोटी 65 लाख डॉलर भरायला लावले. मोफत घेऊ नये असे मी म्हणत नाही. टाकताना पुढे-पुढे न दाबता माहिती देण्याच्या चौकटीतली खूण काढावी, आणि ती कुठे आहे हे सापडत नसेल तर तो अँटीव्हायरस टाकू नये. सर्ट-इन या आपल्या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे सायबर स्वच्छता केंद्र फेब्रुवारी 2017 पासून बाधा काढण्याची साधने मोफत देते. एकदाची सफाई हवी असेल, तर मी तिथूनच घेतो.

दारव्ह्याहून पुन्हा

विंडोज 10 वाल्यांसाठी जी माहिती मिळाली ती देतो. डिफेंडरच्या व्हायरस-ओळखींचे अपडेट विंडोज 10 वर ऑक्टोबर 2028 पर्यंत येत राहतील, असे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले आहे. परंतु विंडोजमधल्या भगदाडांची, म्हणजे व्हायरसला आत शिरू देणाऱ्या त्रुटींची, दुरुस्ती ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती वाढीव सुरक्षा योजनेत नाव नोंदवणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांनाच, 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत मिळेल. मे 2017 मध्ये वॉनाक्राय हा रॅन्समवेअर विंडोजच्या ज्या भगदाडातून शिरला, त्याची दुरुस्ती मार्चमध्येच आलेली होती. म्हणून नवा अँटीव्हायरस विकत घेण्याआधी ही नोंदणी करावी, असे मी आता गावात सांगतो आहे. आर्णीच्या भाऊंना विचारायचे आहे, की सध्या आपण काय वापरता आणि प्रत कशी ठेवता?

कृषी केंद्र चालक, आर्णी तालुका

दारव्ह्याचे गुरुजी, अँटीव्हायरस तोच ठेवला आहे, कारण चूक त्याची नव्हती. तो बंद करण्याचा संकेतशब्द आता पत्नीकडे आहे, आणि मी रोजच्या कामाला ॲडमिन नसलेले, म्हणजे संगणकात मोठे बदल करण्याचा अधिकार नसलेले, खाते वापरतो. हार्ड डिस्क दोन घेतल्या आहेत. आठवडी बाजाराच्या दिवशी दुकान बंद केल्यावर एक जोडतो, हिशेबाची प्रत घेतो, त्यातली एक पावती उघडून वाचून बघतो, आणि डिस्क काढून गोदरेजच्या कपाटात ठेवतो. दुसरी भावाच्या घरी असते आणि महिन्याच्या पहिल्या बाजाराला अदलाबदल होते. टायपिंगचे सॉफ्टवेअर मी पावती घेऊन विकत आणले.