आफ्रिकेत जंतांमुळे मलेरियाचा प्रसार वाढतो की घटतो?

गोदाकाठ_नांदेड:
एमएस्सी प्राणिशास्त्राच्या सेमिनारला हा विषय घेतलाय आणि जसजसं वाचायलोय तसतसा गोंधळ वाढायलाय. सेनेगलमधलं काम सांगतं की शिस्टोसोमा मॅन्सोनी या जंताचा भार जास्त असलेल्या पोरांना मलेरियाचा ताप जास्त वेळा आला. मालीतलं काम उलटं आहे. तिथं शिस्टोसोमा हिमॅटोबियमची लागण असलेल्या ४ ते ८ वर्षांच्या मुलांना ताप उशिरा आला, ९ ते १४ च्या गटात मात्र काहीच फरक नाही. थायलंडमध्ये जंत असलेल्या रुग्णांच्या रक्तात गॅमेटोसाइट (मलेरियाच्या परजीवीचं डासाला लागण करणारं रूप) जास्त आढळले. यातलं खरं काय धरायचं? आणि जंताची गोळी दिल्यावर मलेरिया वाढतो, हे कुठून आलं? व्हॉट्सॲपवरचं ज्ञान नको, काम माहीत असलेल्यांनी सांगावं.

काचपट्टी:
तिन्ही खरं आहे, पण मोजायच्या गोष्टी तीन वेगळ्या आहेत. ताप येणं ही एक, रक्तात परजीवी किती ही दुसरी आणि चावलेल्या डासाला लागण होणं ही तिसरी. प्रसार म्हणजे तिसरी. पहिल्या दोनवरून तिसरीचा अंदाज बांधला की गडबड होते, आणि बहुतेक लेखांत नेमकं तेच केलेलं असतं.

साखळी अशी मांडली जाते. जंत शरीरात वर्षानुवर्षं राहतात, म्हणून ते प्रतिकारशक्तीला नरमाईकडे वळवतात: आयएल-१० (दाह आवरणारा रेणू) आणि नियंत्रक टी-पेशी वाढतात, दाह कमी होतो. मलेरियाचा ताप हा मुख्यतः त्या दाहामुळेच येतो. दाह कमी, मग ताप सौम्य, मग पोरगं दवाखान्यात जात नाही आणि परजीवी रक्तात आठवडेच्या आठवडे राहतात. फॅल्सिपॅरम या मलेरियाच्या परजीवीचा गॅमेटोसाइट अस्थिमज्जेत पक्व व्हायला १० ते १२ दिवस घेतो. तापाच्या दुसऱ्या दिवशी औषध घेतलेला माणूस डासांना फारसं काही देत नाही. अंगावर काढणारा देतो. आफ्रिकेत ५ ते १५ वयाची मुलं याच गटात मोडतात: शाळेत जातात, खेळतात, रक्तात मलेरिया आणि पोटात जंत. दोन्हींचा भार याच वयात एकत्र येतो.

दुसरा रस्ता रक्तक्षयाचा. नेकेटर जातीचा एक हुकवर्म, म्हणजे आतड्याला चिकटून रक्त पिणारा जंत, दिवसाला साधारण ०.०३ मिली रक्त घालवतो, अँकिलोस्टोमा ड्युओडेनेल ही दुसरी जात ०.१५ ते ०.२ मिली. म्हणजे पोटात १०० अँकिलोस्टोमा असतील तर रोज १५ ते २० मिली. रक्तक्षय झाला की नव्या तांबड्या पेशी भराभर तयार होतात आणि अशा रक्तात गॅमेटोसाइट जास्त सापडतात. पण इथं सांभाळून, कारण मलेरियानंही रक्तक्षय होतो. एकदाच रक्त तपासून कुणामुळे कोण, हे ठरत नाही.

आणि सगळ्यांना ‘जंत’ या एकाच पोत्यात भरू नका. गोल जंत आतड्यात लोळतो, रक्त पीत नाही. हुकवर्म पितो. शिस्टोसोमा तर रक्तवाहिनीतच राहतो. सेनेगल आणि मालीचे निकाल उलटे का, याचा निम्मा खुलासा जंताची जात, त्याचा भार आणि मुलांचं वय यांत आहे. राहिलेला निम्मा गरिबीत आहे. अनवाणी पाय, कुडाचं घर, मच्छरदाणी नाही, शौचालय नाही: हुकवर्म आणि मलेरिया दोन्ही एकाच दारातून येतात. गरिबीचा हा परिणाम वेगळा न काढलेला अभ्यास सेमिनारमध्ये दाखवायचाच असेल तर तसं सांगून दाखवा.

लॅबवाली_लातूर:
मोजमापाबद्दल लिहिते, कारण प्रश्न तिथंच विचारतात.

विष्ठेसाठी काटो-काट्झ पद्धत, म्हणजे ठरावीक विष्ठा काचपट्टीवर पसरून जंताची अंडी मोजणं. साच्यात ४१.७ मिलिग्रॅम मावतं, म्हणून मोजलेली अंडी गुणिले २४ म्हणजे एका ग्रॅममधली अंडी. गोल जंताला ५,००० च्या आत हलकी लागण, ५०,००० पासून जड. हुकवर्मला २,००० च्या आत हलकी आणि ४,००० पासून जड. शिस्टोसोमा मॅन्सोनीला १०० च्या आत हलकी, ४०० पासून जड. हुकवर्मची अंडी ग्लिसरीनमध्ये विरून जातात, म्हणून काचपट्टी ३० ते ६० मिनिटांत वाचलीच पाहिजे. आपल्या मे महिन्यातल्या उकाड्यात तर त्याहून लवकर. संध्याकाळी एकगठ्ठा वाचायला बसलात तर गावात हुकवर्म नाहीच असं निघेल. एका काचपट्टीत हलकी लागण निसटते. एका नमुन्याच्या दोन पट्ट्या, जमल्यास दोन दिवसांचे नमुने.

हिमॅटोबियमला सकाळी १० ते दुपारी २ मधली लघवी, १० मिली, गाळून. ५० अंड्यांपासून जड.

रक्ताची जाड काचपट्टी: २०० पांढऱ्या पेशींमागे मोजलेले परजीवी, गुणिले ८,००० (मायक्रोलिटरला इतक्या पांढऱ्या पेशी धरतात), भागिले २००. गॅमेटोसाइट विरळ असतात, त्यांना ५०० पेशी मोजल्या तरी एक सापडला म्हणजे मायक्रोलिटरला १६. त्याखालचे डोळ्याला दिसत नाहीत, तरी डासाला पुरतात. म्हणून आता पीएफएस२५ या जनुकाचा आरएनए मोजतात. रक्त घेतल्या घेतल्या आरएनए टिकवणाऱ्या द्रावात टाकलं नाही तर खोटं निगेटिव्ह येतं.

खरी परीक्षा पडद्यावरून डासांना रक्त पाजण्याची. रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिनची नळी घ्या, ईडीटीए नको. ईडीटीए कॅल्शियम बांधून ठेवतं आणि नर गॅमेटोसाइट फुटून बीजपेशी सोडतच नाही. नळी ३७ अंशांवरच ठेवायची. थंड झाली की तो नळीतच फुटतो आणि डासापर्यंत पोचतं ते वाया गेलेलं रक्त. ३ ते ५ दिवसांच्या उपाशी माद्या, अंधारात १५ ते २० मिनिटं. न प्यायलेल्या वेगळ्या काढायच्या. ७-८ दिवसांनी आतडं काढून मर्क्युरोक्रोममध्ये, म्हणजे आपल्या जुन्या लाल औषधात, रंगवून ऊसिस्ट (आतड्यावरच्या परजीवीच्या गाठी) मोजायचे. जंतांच्या प्रश्नासाठी एक जोड हवीच: एकाच माणसाच्या पेशी एकदा त्याच्याच प्लाझ्मात आणि एकदा बाहेरच्या एबी गटाच्या सीरममध्ये. दोन्हींत फरक पडला तर प्लाझ्मातलं काहीतरी, उदाहरणार्थ प्रतिपिंडं, काम करतंय. नाही पडला तर बघायचे ते गॅमेटोसाइटच.

गोदाकाठ_नांदेड:
मॅडम, हे सोनं आहे. गोळीचं राहिलं.

काचपट्टी:
मादागास्करमध्ये लेव्हामिसोल हे जंताचं औषध वारंवार दिल्यावर ५ वर्षांवरच्या मुलांच्या रक्तात फॅल्सिपॅरमची घनता वाढली. इंडोनेशियाच्या फ्लोरेस बेटावर दर ३ महिन्यांनी अल्बेंडाझोल ही जंताची गोळी दिली, तिथं पहिल्या ६ महिन्यांपुरती वाढ दिसली आणि पुढे राहिली नाही. जंत गेल्यावर प्रतिकारशक्तीची नरमाई उठली की असा काळ येऊ शकतो, एवढंच त्यातून निघतं. यावरून ‘गोळी देऊ नका’ हा निष्कर्ष मला बेजबाबदार वाटतो. रक्तक्षय थांबवण्याची किंमत त्याहून कितीतरी मोठी आहे. घ्यायचा तो धडा वेळापत्रकाचा: मलेरियाच्या भागात गोळी वाटताना मच्छरदाणी आणि मलेरियाचं निदान सोबत हवं, आणि अभ्यास करायचा तर गोळीनंतर २-३ आठवड्यांनी विष्ठा परत तपासायची. अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅमच्या एका गोळीला व्हिपवर्म हा जंत फारसा जुमानत नाही. शिस्टोसोमावरचं प्राझिक्वांटेल ४० मिलिग्रॅम दर किलोला दिलं तरी कोवळा शिस्टोसोमा वाचतो.

डासपुराण:
डासाची बाजू कुणीच घेतली नाही, मी घेतो.

आफ्रिकेच्या खेड्यांत हत्तीरोगाचा जंत वुचेरेरिया ॲनॉफिलिसच पसरवतो, म्हणजे मलेरियाचाच डास: गँबी आणि फ्युनेस्टस. आपल्याकडं हत्तीरोगाला क्युलेक्स आणि मलेरियाला ॲनॉफिलिस, वाटण्या झालेल्या. त्यामुळं तिथं मच्छरदाणी दोघांना एकदम रोखते. इथं क्युलेक्सची गटार आणि ॲनॉफिलिसचं पाणी वेगवेगळं शोधावं लागतं.

जंताच्या औषधांत आयव्हरमेक्टिनची गोष्ट न्यारी. अल्बेंडाझोल डासाला काही करत नाही. आयव्हरमेक्टिन घेतलेल्या माणसाचं रक्त प्यायलेली ॲनॉफिलिस मरते. फॅल्सिपॅरमला डासात पक्व व्हायला १० दिवसांच्या आसपास लागतात, म्हणून डास आधी मेला की पुढचं चावणंच होत नाही. केनियातल्या क्वाले भागातल्या बोहेमिया चाचणीत दर किलोला ४०० मायक्रोग्रॅम, महिन्यातून एकदा असे ३ महिने दिलं. समोरच्या गटाला अल्बेंडाझोल. ५ ते १५ वयाच्या मुलांत मलेरियाची लागण २६ टक्क्यांनी कमी झाली, निकाल २०२५ चा. मात्र औषध अंगातून लवकर जातं, गरोदर बायका आणि १५ किलोच्या आतली पोरं वगळावी लागतात, आणि मध्य आफ्रिकेत लोआ लोआ हा जंत असेल तर आधी रक्त तपासल्याशिवाय हात लावायचा नाही. त्याचे सूक्ष्मकृमी (रक्तात फिरणारी पिल्लं) मिलिलिटरला ३०,००० च्या वर असले तर मेंदूला धोका होतो.

काचपट्टी:
@गोदाकाठ, सेमिनारमध्ये शेवटी कुणीतरी विचारणारच, ‘मग मराठवाड्यात काय?’ घाईनं ‘इथंही तसंच’ म्हणू नका. इथं शिस्टोसोमा नाही. महाराष्ट्रात त्याचं नाव निघतं ते पूर्वी रत्नागिरीच्या गिमवी गावात सापडल्यामुळं. आणि मलेरिया व्हायवॅक्स या दुसऱ्या परजीवीचा असेल तर वर मांडलेली साखळी ढिली पडते, कारण व्हायवॅक्सचे गॅमेटोसाइट तापाबरोबरच रक्तात येतात, तिथं दहा दिवस थांबायची गरज नाही. शिवाय तो यकृतातून परत उठतो. हुकवर्म आणि रक्तक्षयाचा भाग तेवढा इथं तपासण्यासारखा आहे.

डासपुराण:
उलट दिशेचीही नोंद करा. शहरातल्या हौदात आणि आठवडाभर पाणी साठवलेल्या बॅरलमध्ये वाढणारा आपला ॲनॉफिलिस स्टिफेन्सी २०१२ मध्ये जिबूतीत सापडला, नंतर इथिओपियातही. साठवलेल्या पाण्यात वाढत असल्यानं तो पावसाळ्यासाठी थांबत नाही. ज्या शहरी पोरांच्या पोटात जंत आहेत तिथं हा पोचला तर @काचपट्टी यांनी मांडलेली साखळी पुन्हा नव्यानं मोजावी लागेल, गँबीचे आकडे चालणार नाहीत.