लिथियम सेलचा चार्जर घरी बनवावा का, आणि कशावर?

चौथा ओहम (धागाकर्ता)

एलएम३१७ या व्होल्टेज रेग्युलेटर आयसीवरची लिथियम चार्जरची सर्किटं हौशी मंडळींमध्ये अजूनही फिरत असतात. माझं मत असं: चार्जर घरी जरूर जोडा, पण ४.२ व्होल्टला थांबण्याचं काम त्यासाठीच बनवलेल्या आयसीकडे द्या.

लिथियम-आयन सेल आधी ठरावीक करंटवर चार्ज होतो, ४.२ व्होल्टला पोहोचला की ठरावीक व्होल्टेजवर, आणि करंट साधारण एक-दशांशावर उतरला की चार्जिंग पूर्ण बंद व्हावं लागतं. इन्व्हर्टरच्या बॅटरीसारखं त्याला कायम फ्लोटवर, म्हणजे भरल्यावरही चार्जरला जोडलेलं, ठेवायचं नसतं. टीपी४०५६ हा लिथियम चार्जिंगचा आयसी हे सगळं स्वतः करतो, व्होल्टेजमधली चूक दीड टक्क्याच्या आत ठेवतो, आणि सेल २.९ व्होल्टच्या खाली असेल तर सुरुवातीला एक-दशांश करंटच देतो. त्याचं मॉड्यूल (तयार छोटा बोर्ड) घेताना बी (सेलसाठी) आणि आउट (दिवा वगैरे लोडसाठी) अशा दोन्ही जोड्या असलेलंच घ्या. त्यावर डीडब्ल्यू०१ या दुसऱ्या आयसीचं वेगळं संरक्षण असतं. मुख्य आयसी बिघडला तरी ते ४.३ व्होल्टच्या आसपास सेलची जोडणी तोडतं.

करंट एका रेझिस्टरवर ठरतो: १२०० भागिले ओहम, उत्तर अँपिअरमध्ये. मॉड्यूलवर '१२२' लिहिलेला १.२ किलोओहमचा रेझिस्टर असतो, म्हणजे १ अँपिअर. २५०० एमएएच (मिलिअँपिअर-तास) क्षमतेच्या १८६५० ला, म्हणजे लॅपटॉप बॅटरीत असतो तशा गोल सेलला, हे ठीक. इयरफोनमधल्या २०० एमएएचच्या चपट्या सेलला मात्र तेच मॉड्यूल तसंच लावलं तर पाचपट करंट जातो. तिथे १० किलोओहम लावा, १३० मिलिअँपिअर मिळतात.

बेस-एमिटर

मॉड्यूल आणून चार तारा जोडल्याने चार्जर समजत नाही. शिकायचं असेल तर एलएम३१७ च बरा, फक्त नीट बांधा.

दोन एलएम३१७ घ्या. त्याला इनपुट, आउटपुट आणि अ‍ॅडजस्ट अशा तीन पिन असतात. पहिला करंटसाठी: आउटपुट आणि अ‍ॅडजस्टच्या मध्ये २.४ ओहम, २ वॅट, म्हणजे सुमारे ५२० मिलिअँपिअर. दुसरा व्होल्टेजसाठी: अ‍ॅडजस्टपासून ग्राउंडला ५६० ओहम, एक टक्केवाला, आणि आउटपुटपासून अ‍ॅडजस्टला २२० ओहम अधिक ५० ओहमचा मल्टिटर्न प्रीसेट (स्क्रूने बदलता येणारा रेझिस्टर). प्रीसेट ग्राउंडच्या बाजूला लावू नका. तिथे त्याचा सरकता संपर्क सुटला तर आउटपुट थेट इनपुटच्या जवळ जातं. वरच्या, म्हणजे आउटपुटच्या बाजूला सुटला तर आउटपुट खाली पडतं. व्होल्टेज ४.२ ऐवजी ४.१ ला लावा. क्षमता साधारण दहा टक्के कमी मिळेल, पण सेल जास्त वर्षं टिकेल आणि चुकीला जागा राहील. पुरवठा ९-१० व्होल्टचा, दोन्ही आयसींना हीटसिंक, आणि पाच तासांचा टायमर.

चौथा ओहम

प्रीसेटची जागा तुम्ही बरोबर सांगितलीत. चुकीची जागा असलेली सर्किटंच जास्त दिसतात. पण प्रश्न तेवढ्यावर संपत नाही.

वरच्या बाजूचा संपर्क सुटला तर आउटपुट खाली पडतं, पण लोड असेल तरच. एलएम३१७ ला किमान ३.५ ते १० मिलिअँपिअर लोड लागतो आणि एरवी तो या दोन रेझिस्टरमधूनच जातो. ती वाट तुटली की तोच करंट सेलमध्ये शिरतो आणि त्याला ४.२ ला अडवणारं कुणी नसतं. त्यासाठी आउटपुटला ३९० ओहमचा वेगळा रेझिस्टर ग्राउंडला टाका.

मग वीज गेली तर? रेझिस्टरची जोडी एकटीच सेलमधून ५ मिलिअँपिअर ओढते, म्हणजे २५०० एमएएचचा सेल वीस दिवसांत रिकामा. त्यात ३९० ओहमचे १० मिलिअँपिअर मिळवा, की आठवडाभरात काम तमाम. ही उलटी वाट अडवायला डायोड कुठे लावणार? इनपुटला लावला तर ही गळती तशीच राहते. आउटपुटला लावला तर शॉट्की डायोडवर पडणारं व्होल्टेज करंटबरोबर बदलतं, म्हणून लावलेले ४.१ सेलवर किती पडतील ते पक्कं सांगता येत नाही. या सगळ्यावर उपाय आहेत, पण ते करता करता तुम्ही निम्मा टीपी४०५६ सुट्या भागांतून बांधलेला असतो.

बेस-एमिटर

तेच तर शिकणं आहे! गळतीचा प्रश्न सेल होल्डरमधून काढला की संपतो. टायमर संपताच सेल काढायचा हा नियम पाळणाऱ्याला हे सर्किट वापरायला हरकत नाही. रात्रभर लावून झोपणाऱ्याने ते बांधूच नये, हे मान्य.

आणि तुमचं मॉड्यूलही निर्दोष नाही. ५ व्होल्टमधून ३ व्होल्टचा सेल १ अँपिअरने भरताना त्या चिमुकल्या आयसीत २ वॅट जिरतात. बहुतेक स्वस्त मॉड्यूलवर तापमानाची पिन सरळ ग्राउंड केलेली असते, म्हणजे सेल तापला तरी त्याला कळत नाही. चार्जिंग चालू असताना आउटला एलईडी दिवा जोडलेला असेल तर करंट एक-दशांशावर उतरतच नाही आणि चार्जिंग थांबत नाही. कितीजण हे पाहतात?

टिनचा वास

तुम्ही दोघं चार्जरवर भांडताय. घरच्या जोडणीत मला चार्जरइतकीच भीती सेलची वाटते. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला 'नऊ हजार नऊशे एमएएच' छापून मिळणारे सेल. चांगल्यातला चांगला १८६५० साधारण साडेतीन-चार हजार एमएएचच्या आसपास थांबतो, म्हणून असा आकडा दिसला की सेल घेऊच नका.

काढलेला सेल २ व्होल्टच्या खाली गेलेला असेल तर टाकून द्या. सेल इतका उतरला की ऋण बाजूची तांब्याची पट्टी विरघळू लागते, आणि पुन्हा चार्ज करताना तेच तांबं आत साचून शॉर्ट होऊ शकतो. टीपी४०५६ हळू करंट देतो म्हणून असा सेल 'जिवंत' होतो, असं सांगणारे धोक्याचा सल्ला देत आहेत. व्होल्टेज का उतरलं ते त्या आयसीला माहीत नसतं.

२.५ च्या वरचा सेल घेतलात तर पूर्ण चार्ज करा, दोन आठवडे बाजूला ठेवा आणि पुन्हा मोजा. ४.० च्या खाली आला तर तोही बाद. चार्ज होताना हाताला गरम लागला तर लगेच बाद. टाकायचा म्हणजे ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यायचा, टोकांना चिकटपट्टी लावून. आणि लिथियम फॉस्फेटचा सेल ३.६५ ला भरतो. त्याला यातलं कुठलंही सर्किट लावू नका.

चौथा ओहम

सेलबद्दल पूर्ण सहमत. उष्णतेचंही खरं आहे. मॉड्यूलचा रेझिस्टर २ किलोओहम करा, करंट ५८० मिलिअँपिअरवर येतो आणि आयसी सुसह्य राहतो. वेळ साडेपाच-सहा तास लागेल, लागू दे. दिव्यासाठी चार्जिंग चालू असताना आउटची जोडणी तोडणारा स्विच ठेवा.

पण टायमर आणि माणसाच्या नियमावर सुरक्षितता सोपवायला मी तयार नाही. शिकायचं असेल तर एलएम३१७ वर सेलऐवजी ८.२ ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर जोडा, व्होल्टेज-करंट मोजा, प्रीसेटचा संपर्क मुद्दाम तोडून काय होतं ते पाहा. शिकणं तेवढंच होईल आणि आग लागेल असं काही टेबलावर नसेल.

बेस-एमिटर

रेझिस्टरवर करंट हळूहळू उतरताना दिसत नाही, आणि तोच तर लिथियम चार्जिंगचा गाभा आहे. आधी रेझिस्टर, मग चांगला नवा सेल, फरशीवर, समोर बसून. यापलीकडे मी मागे हटणार नाही.