२२ जून १९४४ : महायुद्धाचा एकच दिवस निवडायचा तर ६ जूनच का?

बखरवाला

दरवर्षी ६ जून आला की नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर १९४४ मध्ये उतरलेल्या दोस्तांच्या फौजांचे तेच फोटो फिरायला लागतात. माझा त्या फोटोंवर राग नाही. पण दुसरं महायुद्ध एका दिवसात दाखवायचं असेल तर सोळा दिवस पुढे या. गुरुवार, २२ जून १९४४.

सूर्याबरोबर पूर्वेकडून निघू. पॅसिफिकमधल्या सायपान बेटावर अमेरिकन मरीन डोंगर चढतायत. दोनच दिवसांपूर्वी फिलिपाइन समुद्रात जपानने तीन विमानवाहू जहाजं आणि शेकडो विमानं गमावली आहेत. चीनमध्ये मात्र उलटं चित्र. चांगशा पडून चार दिवस झालेत आणि जपानी फौजा हेंगयांगला भिडल्यात. ते शहर पुढे ४७ दिवस लढलं, हे आपल्याकडे कोणाच्या गावीही नसतं.

मग मणिपूर. कोहिमाकडून खाली येणारी ब्रिटिशांची दुसरी डिव्हिजन आणि इम्फाळकडून वर सरकणारी पाचवी भारतीय डिव्हिजन त्या सकाळी रस्त्यावर भेटल्या, मैलाचा दगड १०९. मार्चअखेर तुटलेला रस्ता जुळला, इम्फाळला पडलेला जपान्यांचा वेढा उठला. सोव्हिएत युक्रेनमध्ये आदल्या रात्री जर्मन विमानांनी पोल्टावाच्या तळावर उभी असलेली चाळीसहून जास्त अमेरिकन बॉम्बफेकी विमानं जाळली. आणि त्याच दिवशी बेलारूसमध्ये लाल सेनेच्या तुकड्या जर्मन फळी चाचपायला पुढे सरकल्या. हिटलरने रशियावर चाल केली त्याला बरोबर तीन वर्षं झाली होती. फ्रान्समध्ये शेरबूर बंदरावरचा हल्ला याच दुपारी सुरू झाला. आधी विमानांनी असा बॉम्बवर्षाव केला की काही बॉम्ब स्वतःच्याच पायदळावर पडले.

६ जूनला तुम्हाला एक किनारा दिसतो, २२ जूनला अख्खं युद्ध. बोला.

रूळबदल

असहमत. कॅलेंडरचा खेळ आहे हा. कुठलाही दिवस उघडा, पाच ठिकाणी काहीतरी चालू सापडेलच. एवढं मोठं युद्ध होतं ते!

आणि तुमच्या दिवसाचा मुख्य खांबच डळमळीत आहे. बाग्रातिओन मोहिमेचा, म्हणजे बेलारूसमधल्या लाल सेनेच्या त्या मोठ्या चढाईचा, खरा हल्ला २३ जूनचा. २२ ला झाली ती चाचपणी. ‘बरोबर तीन वर्षं’ म्हटलं की ऐकायला छान वाटतं, म्हणून तारीख ओढून आणली जाते.

जत्रेत चार पाळणे एकाच वेळी फिरतात म्हणून ते एकाच मोटारीवर चालत नाहीत. इम्फाळचा वेढा आणखी महिनाभर राहिला असता तर बेलारूसमधलं मिन्स्क ३ जुलैला पडायचं थांबलं असतं का? ६ जूनला निदान एक निर्णय होता. दोस्तांच्या सेनापतीने, आयझेनहॉवरने, हवामान पाहून एक दिवस पुढे ढकलला आणि मग ‘जाऊ या’ म्हटलं. दिवस म्हणावा तर असा.

बखरवाला

२३ तारखेचा मुद्दा मान्य. पाळण्यांचा नाही.

मोटार एकच होती. वाहतूक म्हणा तिला. १९४३ च्या डिसेंबरात बंगालच्या उपसागरातली किनाऱ्यावर उतरायची जहाजं युरोपकडे वळवली आणि अंदमानवरची ठरलेली मोहीम गुंडाळली. मार्च १९४४ मध्ये पाचवी डिव्हिजन आराकानातून इम्फाळला उचलून आणली ती विमानाने, आणि ती विमानं इथल्या दोस्तांच्या फौजांचा प्रमुख माउंटबॅटनने हिमालयावरून चीनला रसद नेणाऱ्या ताफ्यातून काढून घेतली होती. तेवढ्यानेही भागेना, मग भूमध्य समुद्राकडून ७९ विमानं उसनी आली. म्हणजे इम्फाळला पोचलेली तांदळाची गोणी चीनच्या, नाहीतर इटलीच्या वाट्यातून आलेली.

जर्मनांचंही तेच. नॉर्मंडीची धावपळ झाली तेव्हा पूर्वेकडची दोन एसएस चिलखती डिव्हिजन्स उचलून फ्रान्सला पाठवावी लागली. एकीकडचं पांघरूण ओढलं की दुसरीकडचे पाय उघडे.

तिसरी_घंटा

रूळबदल यांच्याशी अर्धी सहमत, पण कारण वेगळं. ‘एक दिवस’ निवडला की तो जिंकणाऱ्यांचाच निघतो. मैलाच्या त्या दगडापाशी जपान्यांचं काय चाललं होतं?

जपानी सेनापती मुतागुचीने तीन डिव्हिजन्स बर्मातल्या चिंदविन नदीपार नेल्या त्या तीन आठवड्यांच्या हिशेबाने. इम्फाळचे साठे हाती लागतील, तोवर बरोबर हाकलत नेलेली गुरं कापून खाऊ. त्यातली बरीच गुरं नदीतच गेली. कोहिमासमोरच्या सातो नावाच्या सेनापतीने दाणागोटा मिळेना म्हणून जूनच्या सुरुवातीला हुकूम धुडकावून माघार घेतली. एवढं होऊनही सगळ्या सैन्याला परत फिरायचा हुकूम जुलैतच निघाला. भर पावसात, मलेरिया आणि हगवणीत, चिखलातून परत. त्यांच्या दृष्टीने २२ जूनला काहीच संपलं नाही. मरण तर त्यानंतर वाढलं.

बेळगावकर

आणि आपल्याच माणसांचं काय? १४ एप्रिलला मणिपुरातल्या मोइरांगला आझाद हिंद सेनेने झेंडा लावला. तिचीच गांधी ब्रिगेड इम्फाळजवळच्या पालेलच्या बाजूला उपाशी लढत होती. रस्ता उघडला ही बातमी त्यांना आनंदाची होती का? आदल्या वर्षी बंगालात लाखो माणसं भुकेने मेली आणि त्याच सरकारच्या, वेढ्यात अडकलेल्या फौजेसाठी विमानांनी धान्य उतरत होतं. हा दिवस साजरा करा म्हणू नका, एवढंच.

बखरवाला

साजरा कुठे म्हटलं? नीट वाचा, बघा म्हटलं. बघायला काय हरकत आहे?

रूळबदल

बघण्यावरून आठवलं. २०१३ मध्ये लंडनच्या सैनिकी संग्रहालयात ‘ब्रिटनची सर्वांत मोठी लढाई कुठली’ यावर मतदान झालं, त्यात इम्फाळ-कोहिमाने वॉटर्लू आणि नॉर्मंडीला मागे टाकलं. तेव्हापासून आपल्याकडे हा दाखला उठसूट दिला जातो. अहो, एका सभागृहात वक्त्यांनी बाजू मांडल्या आणि श्रोत्यांनी चिठ्ठ्या टाकल्या. कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत ढाल मिळाली म्हणजे मुद्दा सिद्ध झाला का? मोजायचंच तर हे मोजा : बाग्रातिओनमध्ये जर्मनांच्या सुमारे २८ डिव्हिजन्स बुडाल्या. १७ जुलैला मॉस्कोच्या रस्त्यांवरून ५७ हजार जर्मन कैदी चालवत नेले आणि मागून पाण्याच्या गाड्यांनी रस्ते धुऊन काढले. त्यापुढे मैलाचा दगड १०९ म्हणजे किस झाड की पत्ती.

आंबेनळी

इथे सहसा लिहीत नाही. पण दगडाला ‘पत्ती’ म्हटलंत म्हणून.

आमच्या आजोबांचा थोरला भाऊ ४/५ मराठा लाइट इन्फन्ट्रीत, म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटच्या चौथ्या बटालियनमध्ये होता. मार्चमध्ये मणिपुरातल्या सांगशाकच्या लढाईत होता तो. त्या टेकडीवर पाणी नव्हतं, आणि विमानातून टाकलेल्या पेट्या वाऱ्याने समोरच्यांकडे जायच्या. त्याच्या तोंडून लढाईचं एवढंच ऐकलेलं. आमच्या डोळ्यांदेखत आपलं बिस्किट जपान्यांनी खाल्लं, असं म्हणायचा आणि हसायचा. सहा दिवस तग धरला, मग रात्री जंगलातून इम्फाळला. तिथे वेढा. म्हणजे २२ जूनला तो आतच होता.

घरी एवढंच ठाऊक की तो ‘बर्मात’ आहे. मणिपूर हे नावसुद्धा कोणी ऐकलेलं नव्हतं. जूनचा तिसरा आठवडा, म्हणजे तरवा वर आलेला आणि लावणी तोंडावर. कोणाला कसला दिवस आणि कसली तारीख.

तो परत आला तेव्हा ट्रंकेत एक कापडाचा तुकडा होता. म्हणायचा, हवाई छत्रीचा आहे. घरात सगळे थट्टा करायचे, कारण छत्री रेशमाची असते हे तेव्हा सगळ्यांना माहीत, आणि हे तर सरळ गोणपाट. पणजीने ते गोधडीत आत घातलं. त्याला बाजारात कोणीतरी गंडवलं असणार, असंच आम्ही धरून चाललो.

बेळगावकर

मराठा रेजिमेंटचं केंद्र आमच्याच गावात. लहानपणी परेडच्या बँडवर घड्याळ लावायचो. सांगशाकबद्दल मात्र शाळेत अवाक्षर नव्हतं. रायगडातल्या यशवंत घाडगेंना इटलीत १० जुलैला, म्हणजे याच धाग्यातल्या दिवसानंतर अठरा दिवसांनी वीरमरण आलं. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, म्हणून निदान ते नाव माहीत.

बखरवाला

@आंबेनळी, थांबा. गोणपाटच म्हणालात ना?

बर्माच्या आघाडीवरच्या ब्रिटिशांच्या चौदाव्या सेनेला छत्र्या पुरत नव्हत्या, कारण चांगल्या छत्र्यांना जगभरातून मागणी. मग तिच्या सेनापतीच्या, स्लिमच्या माणसांनी कलकत्त्याच्या ताग गिरण्या गाठल्या आणि रसद टाकायला तागाच्या छत्र्या करून घेतल्या. ‘पॅराज्यूट’ म्हणायचे त्यांना. माणसाला त्या चालत नसत, पण तांदूळ आणि दारूगोळा उतरवायला पुरेशा होत्या. रेशमी छत्रीच्या मानाने किंमत नगण्य.

तुमच्या आजोबांच्या भावाला कोणी गंडवलेलं नाही.

रूळबदल

हे मला माहीत नव्हतं. मोटारीचा मुद्दा यापुरता मान्य करतो. ६ जून सोडत नाही.

आंबेनळी

आत्ताच आईला फोन केला. गोधडी आहे अजून. एका कोपऱ्याला उसवली आहे, तिथून ताग दिसतो म्हणाली. तिच्यावर मांजर झोपतं, त्याला आता उठवलंय.