मदत हवी आहे: भाचा वेल्डिंगमध्ये तयार, पण थिअरीच्या पेपरात अडकलाय

माझा भाचा अमळनेरजवळच्या खेड्यातला, वय १९. जळगाव एमआयडीसीत वेल्डर ट्रेडची अप्रेंटिसशिप करतोय. हात इतका साफ की नव्या पोरांना दाखवायला सुपरवायझर त्यालाच पुढे करतात. पण शेवटच्या परीक्षेत प्रॅक्टिकलबरोबर थिअरी आणि हिशेबही सुटावे लागतात, तेव्हाच राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं. पहिल्या वेळी तो तिथेच राहिला.

आठवीपर्यंत नापास करायचं नाही, त्या काळातलं हे पोर. दरवर्षी वरच्या वर्गात गेलं, वाचन मागेच राहिलं. बोट ठेवून वाचतो आणि ओळ संपेपर्यंत सुरुवात विसरतो. परवा म्हणाला, "मामा, हातनं काम येस माले, कागदवरलं समजत नही." मला रात्रभर झोप नाही.

सरावाच्या पेपरात होतं: २ मीटर लांब, १ मीटर रुंद, ६ मिमी जाड लोखंडी प्लेटचं वजन काढा. त्याने पान उलटलं. मी मोठ्याने वाचून दाखवल्यावर लगेच म्हणाला, नव्वद-पंच्याण्णव किलो भरेल. उत्तर ९४.२! टेपवर 'दीड इंच एक सूत' झटक्यात सांगतो, तेच मिलिमीटरमध्ये विचारलं की गप्प.

लोक म्हणतात १७ नंबर फॉर्म भरून बाहेरून, शाळेत न जाता दहावी कर. पण वाचताच येत नसेल तर दहावी तरी कशी सुटणार? क्लासला लहान पोरांत बसायला तो तयार नाही. हाताशी तीन महिने आणि रेल्वेतला जाण्यायेण्याचा वेळ. एवढ्या मोठ्या मुलाला कुणी मुळापासून शिकवलंय का? सुरुवात कशाने केली?

प्रतिसाद (धुळे): दादा, मी आयटीआयला वर्कशॉप कॅल्क्युलेशन शिकवायचो. सुतापासूनच सुरू करा. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणजे अपूर्णांक त्याला येतातच, फक्त लिहिता येत नाहीत. दीड इंच एक सूत म्हणजे १३ सूत. एक सूत ३.१७५ मिमी, गुणाकार केला की ४१.२७५. वजनाला एकच आकडा पाठ करवा: १ चौरस मीटर, १ मिमी जाड प्लेट ७.८५ किलो. वाचनाला पुस्तक नको. 'लांबी', 'जाडी', 'क्षेत्रफळ', 'काढा' असे पेपरात येणारे पन्नासेक शब्द वहीत लिहून द्या, गाडीत रोज पाच. रविवारी त्याला धुळ्याला आणा, मी बसतो त्याच्याबरोबर.

धागाकर्ता: सर, येतो. त्याची टेप सोबत आणायला सांगतो.