दक्षिण इंग्लंडमधल्या रिजवे या लांब पल्ल्याच्या वाटेवर उन्हाळ्यात सायकलला ३५ मिमीचे टायर पुरतील का?

तुम्ही म्हणता तसं उन्हाळ्यात वाट कोरडी असेल तर ३५ मिमी चालून जातील. तरी मी ४५ च्या खाली जाऊ नका असंच सांगेन, आणि टायर ट्यूबलेसच हवेत. दक्षिण इंग्लंडच्या या खडूच्या थरांतच चकमकीचे गोटे असतात. ते फुटले की त्यांची कड काचेसारखी धारदार होते आणि टायरची बाजू सरळ चिरते. पावसानंतर तर ओला खडू भयंकर निसरडा होतो. चाक आणि फोर्क (चाक धरणारा दुभागी दांडा) यांच्यामध्ये पांढरा राडा असा गच्च बसतो की चाक फिरेनासं होतं. उतारावर पुढचा ब्रेक जपून.

मार्गाचं म्हणाल तर पश्चिमेकडचा ओव्हरटन हिल ते स्ट्रीटली हाच भाग धरा. पूर्वेला बराचसा फूटपाथ, म्हणजे फक्त चालणाऱ्यांची वाट आहे, तिथे सायकल चालवायचा हक्क नाही. ब्रायडलवेवर, म्हणजे घोडेस्वारांनाही खुल्या असलेल्या वाटेवर, तो हक्क १९६८ च्या कायद्याने मिळाला, पण चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना आधी वाट द्यायची. सलग मोठी फेरी हवी असेल तर किंग आल्फ्रेड्स वे हा सायकलमार्ग बघाच! विंचेस्टरहून निघून तिथेच परत, साधारण ३५० किमी. माथ्यावर पाणी क्वचितच मिळतं, बाटल्या गावातच भरून घ्या.