रिचर्डसनवर दहा मिनिटं काय बोलू?

गंगापूररोडकर: आर्किटेक्चर, तिसरं वर्ष. हिस्ट्रीच्या प्रेझेंटेशनला चिठ्ठीत अमेरिकन आर्किटेक्ट हेन्री हॉब्सन रिचर्डसन निघाला. जन्म १८३८, लुइझियाना. हार्वर्ड, मग पॅरिसचं कलाविद्यालय, एकोल दे बोझार. १८८६ मध्ये किडनीच्या आजारानं गेला, जेमतेम ४७ वर्षांचा. पुढे सगळीकडे तेच: जाड दगड, गोल कमानी. गुरुवारी बोलायचंय. या माणसात धरण्यासारखं काय आहे?

साइटवरचा म्हातारा, पंचवटी: मी आर्किटेक्ट नाही, सुपरवायझर होतो. कमानी राहू देत, पायापासून सुरू कर. त्यानं बांधलेलं बॉस्टनचं ट्रिनिटी चर्च (१८७२–७७) भराव टाकलेल्या जमिनीवर उभं आहे. खाली सुमारे ४,५०० लाकडी पाइल्स, म्हणजे पायाचे खांब, ठोकलेत. वर एवढा दगड आणि खाली लाकूड! दिंडोरीकडे आमच्या आजोळची विहीर उपसली तेव्हा तळाला पणजोबांच्या वेळची जांभळाची लाकडं निघाली. खिळा मारला तर खिळा वाकला. पाण्यात बुडालेलं लाकूड टिकतं, उघडं पडलं की कुजायला लागतं. म्हणून त्या भागात भूजलाची पातळी आजही मोजतात. मधला मनोराही त्याला हलका करावा लागला, जमिनीनं ऐकलं नसतं.

मग दगडाचं तोंड बघ. काळारामाच्या भिंतीवरून हात फिरव, टाकीनं घडवून कसा सपाट केलाय. यानं मुद्दाम खडबडीत ठेवला. तसल्या दगडाला आम्ही खांडकी म्हणायचो आणि कंपाउंडला लावायचो. पठ्ठ्यानं पिट्सबर्गचं अख्खं कोर्ट तसं बांधलं.

जुनेनाशिक: ते कोर्ट १८८८ ला पुरं झालं, त्यानं पाहिलंच नाही. शिकागोचं मार्शल फील्डचं होलसेल स्टोअरही त्याच्या माघारी, १८८७ ला. सात मजले, नक्षी जवळपास नाहीच, नुसत्या खिडक्यांच्या कमानींची लय. माझ्या मते त्याचं सगळ्यात चांगलं काम. १९३० ला पाडलं आणि तिथे पार्किंग केलं. सराफ बाजारामागचा आमचा वाडा गेला, तिथेही आता गाड्याच उभ्या असतात. असो.

गंगापूररोडकर: काळारामाला जाऊन आले. खांडकीचा फोटो आमच्याच सोसायटीच्या कंपाउंडचा मिळाला, रोज त्याला स्कूटी टेकवते! काका, त्या जांभळाच्या लाकडांचा फोटो आहे का?

साइटवरचा म्हातारा, पंचवटी: फोटो कुठला? पाणी चढायच्या आत परत होती तिथे बसवली.