लाट, लहर, तरंग की मोजुं?

दांडिया बाजारातून

मी इथं बडोद्यात नववी ते बारावीच्या मुलांना घरी फिजिक्स शिकवते. बरीचशी मुलं घरात मराठी आणि शाळेत गुजराती माध्यमात. 'वेव्ह'ला गुजराती पुस्तकात 'तरंग' आहे, मराठीतही तोच, इथवर सोपं. पण हिवाळ्यात गुजराती पेपर 'ठंडीनुं मोजुं' लिहितो, घरात आई 'थंडीची लाट' म्हणते आणि रेडिओच्या मात्र 'लहरी' असतात. त्यात गुजरातीत वारंवारतेला, म्हणजे फ्रिक्वेन्सीला, 'आवृत्ति' म्हणतात, आणि मराठी मूल ती पुस्तकाची आवृत्ती समजून बसतं. लाट, लहर आणि तरंग यांत अर्थाचा खरा फरक आहे, की जे जिथं रुळलं ते रुळलं? वर्गात एकच शब्द वापरावा का?

रावपुऱ्यातून

ताई, फरक आहे आणि तो जपण्यासारखा आहे. लाट एकेकटी असते: येते, आपटते, ओसरते. म्हणून उष्णतेची लाट, साथीची दुसरी लाट. लहर हलकी, वाऱ्याची किंवा मनाची; 'त्याला लहर आली' यात आपटणं नाही. 'तरंग' बोलीत फारसा नाहीच. बोलीत 'तरंगणं' आहे, त्याचा अर्थ न बुडणं. शास्त्राच्या दृष्टीनं हीच सोय, कारण शब्दाला दुसरे अर्थ चिकटलेले नाहीत आणि समास सहज होतो. दोन लगतच्या शिखरांमधल्या अंतराला 'तरंगलांबी' कानाला पटते, 'लाटलांबी' नाही.

मोजुं मूळ अरबी 'मौज', फारसीतून आलेला, अर्थ लाटच. गुजरातीनं त्यातलं पाणी ठेवलं, आपण मजा उचलली.

मकरपुऱ्यातून

मी ट्रान्सफॉर्मर टेस्टिंगमध्ये आहे. वरच्या उत्तराला कामावरचं उदाहरण देतो.

वीज कोसळल्यावर लाइनीतून जे धावतं त्याची नक्कल करून आम्ही इम्पल्स टेस्ट घेतो. वेव्ह १.२/५० ची: साधारण १.२ मायक्रोसेकंदांत शिखराला जाते आणि ५० मायक्रोसेकंदांपर्यंत उतरून निम्मी होते. चढणारा भाग फ्रंट, उतरणारा टेल. आधी कमी व्होल्टेजवर एक मारतात, मग पूर्ण व्होल्टेजवर, आणि दोन्हींच्या रेघा एकाच मापात आणून एकावर एक ठेवतात. वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, धड असेल तर रेघेवर रेघ बसते. आत कुठं इन्सुलेशन फुटलं असेल तर करंटची रेघ मध्येच वेगळी वळते, आणि मग सगळे स्क्रीनकडे वाकून बघतात.

यात पुन्हा पुन्हा होणारं काही नाही. हिची वारंवारता विचारलीत तर एक आकडा सांगता येणार नाही. म्हणून इथं मला 'तरंग' पटत नाही, लाटच पटते. शॉपफ्लोअरवर मराठी काय नि गुजराती काय, सगळे 'वेव्ह'च म्हणतात, ते वेगळं.

आणि ती वागतेही लाटेसारखीच. उघड्या लाइनीवरून मायक्रोसेकंदाला जवळजवळ ३०० मीटर जाते. ट्रान्सफॉर्मरपाशी पोचली की वाइंडिंग तिला सहजासहजी आत घेत नाही. ती उलटी फिरते आणि येणारी व परतणारी मिळून व्होल्टेज दुपटीकडे चढतं. लाइटनिंग अरेस्टर, म्हणजे जादा व्होल्टेज जमिनीत उतरवणारं साधन, ट्रान्सफॉर्मरला खेटून बसवायचा तो यासाठी.

दांडिया बाजारातून

दादा, मग 'लोट' का नको? पाण्याचा लोट, धुराचे लोट. एकदाच येणारं, जोराचं. 'व्होल्टेजचा लोट' ऐकायला छान वाटतं.

मकरपुऱ्यातून

ऐकायला छान आहे, पण लोटात माल स्वतः वाहून येतो. पुराच्या लोटाबरोबर ओंडके येतात. लाइनीवरच्या लाटेत तारेतले इलेक्ट्रॉन तेवढ्या वेळात केसाच्या जाडीइतकेही सरकत नाहीत. पुढं जाते ती ऊर्जा. मुलांना नेमकं हेच शिकवायचं असताना शब्दानंच उलटं सांगू नये.

सुभानपुऱ्यातून

इथं भरतीचा विचार व्हायला हवा. कावी-कंबोईच्या स्तंभेश्वर महादेवाला आपल्याकडचे बरेच जण जातात. भरतीला मंदिर पाण्याखाली जातं, ओहोटीला दर्शन होतं. भाषेत ही भरती, लाट नव्हे. फिजिक्समध्ये मात्र ती लाटच आहे, दोन शिखरांत साधारण १२ तास २५ मिनिटांचं अंतर असलेली. उथळ पाण्यात अशा लाटेचा वेग खोलीवर ठरतो: २० मीटर खोलीला सेकंदाला सुमारे १४ मीटर. म्हणजे तरंगलांबी ६०० किलोमीटरांच्या वर. काठावर उभं राहून तिचा आकार दिसणार कसा? नुसतं पाणी चढताना दिसतं. खंभातचं आखात आत अरुंद आणि उथळ होत जातं, त्यामुळं ती तिथं आणखी उंचावते; भरती-ओहोटीतला फरक १० मीटरांच्या आसपास जातो.

ही नेमानं परत येते, म्हणून हिला तरंग म्हणायला माझी हरकत नाही. मोठं की छोटं हा प्रश्न नसून परत येतं की नाही, हा आहे.

दांडिया बाजारातून

ही कसोटी मला वर्गात चालेल. परत येणारा तो तरंग, एकटी ती लाट, आणि लहर रेडिओपुरती, कारण 'रेडिओ लहरी' आता कोणी बदलणार नाही. गणित मात्र मी एकत्रच शिकवेन. लाट एका माध्यमातून दुसऱ्यात जाताना किती परतेल हे दोन्हींच्या इम्पीडन्सवर, म्हणजे माध्यम लाटेला किती अडवतं यावर, ठरतं, मग ती लाइनीवरून केबलमध्ये शिरो की हवेतून काचेत. सरळ पडलेल्या प्रकाशातला साधारण ४ टक्के काचेच्या पृष्ठावरून परततो. सोनोग्राफीत जेल लावतात तोही याचसाठी: मधे हवेचा पातळ थर राहिला तरी ध्वनी जवळजवळ सगळा मागं फिरतो.

आता एकच राहिलं. अ‍ॅम्प्लिट्यूडला शाळेची पुस्तकं 'आयाम' म्हणतात, विश्वकोशात 'परमप्रसर' आहे, गुजरातीत 'कंपविस्तार'. मुलांना कोणता द्यावा?

रावपुऱ्यातून

परीक्षेला आयाम. समजावताना कंपविस्तार बेलाशक वापरा. त्यात अर्थ उघडा दिसतो आणि मराठीला तो परका नाही. फक्त विस्तार मधल्या जागेपासून शिखरापर्यंतच मोजायचा, खालच्या टोकापासून नव्हे, हे फळ्यावर काढून दाखवा.